कळलावीची मुळी

आमच्या मळ्याच्या कुंपणात निवडुंगाच्या आधारानं कळलावीचा एक वेल दरवर्षी आषाढात वर यायचा. लावला कोणी नव्हता. श्रावण लागला की त्याला फुलं यायची, आणि त्या वाटेनं जाणारी बाई पोराचा हात घट्ट धरायची. फूल असं की मान वळवल्याशिवाय पुढे जाववत नाही. सहा पाकळ्या, सगळ्या उलट्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. चुलीतला जाळ कुणी देठावर बांधून ठेवावा तसं. चार दिवस गेले की पिवळं नाहीसं होतं आणि अख्खं फूल लालभडक होतं. पानाचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं, जे सापडेल त्याला धरून वेल वर चढतो. मी त्या टोकाजवळ काडी रोवून पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी काडी धरलेली असायची. मला ते कधी बरं वाटलं नाही.

मधमाशी त्या फुलावर फार रेंगाळत नाही. फुलपाखरं येतात, मोठी काळी, पंखाला लाल ठिपके असलेली. फूल खाली तोंड करून लोंबतं आणि त्याचे परागाचे दांडे चहूकडे पसरलेले असतात. फुलपाखरू खालून भिरभिरत येतं, पंख दांड्यांना घासतात, पिवळी पूड अंगाला लागते. तीच पूड घेऊन ते आमच्या झेंडूवर बसायचं, गोकर्णीवर बसायचं. मी लहान असताना वडिलांना विचारलं होतं, झेंडूलाही विष लागतं का. ते म्हणाले, पुडीला भिऊ नको, मुळीला भी.

मुळी नांगरासारखी असते. दोन फाटे, एक लांब, एक आखूड, टोकाशी कोंब. ओली आणि अख्खी असली तर शेतकऱ्याचं पोर अंधारातही ओळखेल. पण ती तुटली आणि वाळली, की हळकुंडाचा तुकडा म्हणा, सुंठ म्हणा, वेखंड म्हणा, कशासारखीही दिसते. हे लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्या भागात बाळंतीण अडली की ही मुळी काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला बांधायचे. पोटात द्यायची नाही, फक्त बांधायची. आणि पोर बाहेर आलं की त्याच क्षणी सोडायची. उशीर झाला तर पोरामागे आईची कूसही ओढून नेते, असं जुन्या बाया सांगत. खरं किती, खोटं किती, मला कोणी शिकवलं नाही. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण आमच्या गल्लीतल्या एका बाईला ही मुळी कुणीतरी उगाळून पाजली होती, ते मी पोरवयात पाहिलं आहे. उलट्या थांबल्या नाहीत. दोन-तीन दिवसांत ती गेली. तिला धुवायला नेलं तेव्हा केस हातात येत होते, असं माझ्या आईनं घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

म्हणून माझा एक नियम होता. माझ्या कुंपणातून लोक पुष्कळ काही न्यायचे. खोकल्याला अडुळशाची पानं, गळू पिकायला गुलबक्षीचं पान, साखरेच्या आजाराला तरवडाची फुलं. मी कुणाला नाही म्हटलं नाही आणि कुणाकडून काही घेतलंही नाही. कळलावीची मुळी मात्र फक्त गावच्या सुईणीच्या हातात द्यायचो. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. आणि काम झालं की मुळी माझ्याकडे परत आली पाहिजे. मी ती माझ्या हातानं पुन्हा वेलाशी पुरायचो. कुंपणातल्या मोहोळाचा श्रावण-भाद्रपदातला मधसुद्धा मी कुणाला काढू दिला नाही. लोक हसायचे. नानाला फुलाची भीती वाटते म्हणायचे. म्हणोत. वाटत होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. गावात लाईट आली होती, पण पाचोऱ्याचा रस्ता अजून काळ्या मातीचाच होता. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला धुळ्याला दिली होती, देवपुरात. जावई शाळेत मास्तर. दिवस भरत आले की तिला पाचोऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं, असं ठरलं होतं. मी गाडीवानालाही सांगून ठेवलं होतं. तरी भाद्रपद संपता संपता एका संध्याकाळी मी वेलाला आवतन देऊन आलो. म्हणजे मुळाशी हळद-कुंकू, चार अक्षता, आणि तोंडानं सांगायचं की लागलीस तर न्यायला येईन, कामाला ये. आवतन दिल्याशिवाय मुळी उपटत नाहीत आणि लोखंड लावत नाहीत, बाभळीच्या खुंटीनं उकरतात. घरी कुणाला बोललो नाही.

भीती मला मुळीची होती त्याहून एका झाडाची जास्त होती. आमच्या आंगणात मोगरा होता. उन्हाळ्यात संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की लांब सोंडेचे मोठे पतंग येऊन फुलांसमोर हवेतच थरथरत उभे राहायचे. तो मोगरा माझ्या बायकोनं लावलेला. आमचा पहिला मुलगा महिन्याचाही झाला नव्हता तेव्हा गेला. तेव्हा अक्कानं त्याच मोगऱ्याच्या कळ्या खुडून बायकोच्या छातीला बांधल्या होत्या. त्यानं अंगावरचं दूध आटतं. त्यानंतर बायकोनं मोगऱ्याला पाणी घालणं सोडलं नाही, पण केसात फूल कधी माळलं नाही. मुलगी बाळंतपणाला आल्यापासून मी येता-जाता त्या झाडाकडे पाहायचो. फुलांचे दिवस संपले होते, एकही कळी नव्हती. कळी नाही म्हणून मला बरं वाटायचं.

हस्ताचा पाऊस लागला आणि थांबेना. काळी माती फुगली. बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतत होतं. आणि अशातच, दिवस भरायच्या आधी, भल्या पहाटे मुलीला कळा सुरू झाल्या. दिवस वर आला, पाऊस थांबला, पण काही होईना. अक्का आत, बायको आत. मी ओट्यावर. पुरुष माणसाला तिथं काम नसतं आणि उठूनही जाता येत नाही. मुलीचा आवाज आधी मोठा होता, मग लहान होत गेला. लहान झालेला आवाज जास्त वाईट.

अक्का दारात आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यामुळे ती माझ्याकडे न पाहता माझ्या बाजूला पाहून बोलली.

"नाना, पोर अडकी गयं. मुळी आना."

मी चिखलातून मळ्यात गेलो. वेल अर्धा पिवळा पडला होता, शेवटची दोन फुलं होती. बाभळीच्या खुंटीनं घाईघाईत उकरताना मुळीचा आखूड फाटा टोकाशी मोडेल असं वाटलं. मोडला नाही. अख्खी निघाली. धुतली, काळ्या दोऱ्यात बांधली, अक्काच्या हातात दिली आणि तिला सांगितलं, पोर आलं की आधी ही सोडायची, मग दुसरं काम. ती म्हणाली, माझे केस यातच पांढरे झाले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग बारीक रडणं ऐकू आलं. सगळी माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात. मी ओट्यावरून ओरडलो, "मुळी सोडी का?"

आतून अक्का म्हणाली, "सोडी दिन्ही. बोंबलू नका."

मुलगी झाली होती. आईही शुद्धीवर होती. आतून न्हाऊ घालायचं पाणी ओतल्याचा आवाज आला, मोरीतून पाणी परसात वाहत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मुळी परत मागितली. मला वाटलं बायकोनं ती भिंतीतल्या दिवळीत ठेवली असेल. ती म्हणाली, "माले काय ठाऊक. अक्काले इचारा." मी अक्काच्या घरी गेलो. अक्का म्हणाली दोरा तोडला, मुळी बाजूला ठेवली, तिथंच. पुढचं तिला दिसलं नाही. तिथंच म्हणजे कुठं, तर चटईवर, नाहीतर सुपात, नाहीतर खाटेखाली. तिला धड आठवेना. मी घरी येऊन चटई झटकली, सूप पाहिलं, खाटेखालची माती हातानं चाचपली. काळा दोरा सापडला. मुळी नव्हती.

बायकोला वाटलं हा आता विसरेल. मी विसरणारा माणूस नाही. आणि ज्या घरात मुळी हरवली त्या घरात तेव्हा काय काय होतं ते ध्यानात घ्या. बाळंतिणीच्या दुधासाठी मीच खणून आणलेली शतावरीची मुळं सुपात वाळत होती. काढ्यासाठी सुंठ होती. आणि दिवळीत एका जर्मनच्या ताटलीत बाळघुटीचं सामान होतं. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, नागरमोथा, अतिविष, सगळे तपकिरी तुकडे, एकमेकांत मिसळलेले. बाळंतिणीची खोली आवरताना जमिनीवर मुळीचा तुकडा दिसला तर कोणतीही बाई काय करील? उचलून त्या ताटलीत टाकील. माझी आईही तेच करती. ती ताटली रोज खाली येते. सहाणेवर एकेका मुळीचा एकेक वेढा उगाळतात आणि ते बोटानं लेकराच्या जिभेला लावतात.

मी ताटली उचलली आणि धान्याच्या कोठीत ठेवून कुलूप लावलं. शतावरी उकिरड्यात पुरली. सुंठसुद्धा पुरली. मुळी सापडेपर्यंत या घरात घुटी उगाळायची नाही, असं सांगितलं.

बायको म्हणाली, "एक मुळीसाठे बठ्ठं घर उलटं करी टाकं." शेजारणी पोर पाहायला यायच्या आणि जाताना माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावायच्या. एक म्हणाली, नानांच्या नातीला आता घुटीऐवजी नानांनाच उगाळून द्या, कडू तेवढेच आहेत. बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण मी त्या वेळी दिवळीतला पोपडा नखानं काढून मागे काही पडलंय का ते पाहत होतो.

रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या. आमच्याच ओट्यावर झेंडूच्या फुलांची आरास करायच्या. मी त्या फुलांत हात घालून पाहायचो. पोरींना ते विचित्र वाटायचं. मला झोपेतही मुळी दिसायची, तिला पानाचं ते वळलेलं टोक फुटलेलं आणि ते पाळण्याची दोरी धरून वर चढतंय.

बारशाला विहीणबाई धुळ्याहून आल्या. शहरात राहिलेली बाई, बोलणं स्वच्छ, वागणं मोठ्या घरासारखं. त्यांनी नातीसाठी अंगडी-टोपडी आणि लाल कापडाच्या बटव्यात घुटीचं सामान आणलं होतं. घुटी बंद आहे हे कळल्यावर त्यांनी मला नीट विचारलं. मी नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची मुळी तुमच्या घरात हरवली. हा बटवा माझ्या घरून आलाय."

मी म्हणालो, या घरात आला म्हणजे तोही या घरातलाच. मुळी कोण कुठं ठेवील याचा आता मला भरवसा नाही. त्यांनी बटव्याची नाडी आवळली. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पोर पोटात वारा धरून रडत होतं, पाय पोटाशी घेत होतं, आणि त्यांच्या हातात औषध असून त्यांना देता येत नव्हतं. माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण त्यांचंही चुकलं नव्हतं.

बारसं झाल्यावरच्या सकाळी मी मळ्यातून लवकर परत आलो. घर शांत होतं. गेले कित्येक दिवस त्या वेळी पोर रडायचं. मला ती शांतता आवडली नाही. मोरीकडे हात धुवायला गेलो, तिथं सहाण पालथी घातलेली होती. उलटी केली. ओली होती. मधोमध तपकिरी ओघळ होता, अजून वाळलेला नव्हता.

मी आत गेलो. विहीणबाई पाळण्याची दोरी ओढत होत्या, बायको त्यांच्याजवळ बसली होती. दोघींनी माझ्या हातातली सहाण पाहिली. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याच बटव्यातलं आहे. मी विचारलं, बटवा कुठं होता रात्रभर. बायकोनं खाली पाहिलं. बटवा रात्री दिवळीत ठेवला होता. सकाळी घाईत कोठीच्या बुडाशी आणखी काही सुटे तुकडे पडलेले दिसले, तेही तिनंच उचलून बटव्यात घातले होते. वाया जायला नकोत म्हणून. ताटली कोठीत नेताना माझ्याच हातून ते सांडले असणार, असं ती म्हणाली. सगळ्यांचा एकेक वेढा दिला होता.

मला पुढचं आठवतं ते असं, की माझ्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. पाळण्यात पोर निपचित झोपलं होतं. मी सहाण तोंडाशी नेली आणि तो सगळा ओघळ जिभेनं चाटून घेतला. दगड स्वच्छ होईपर्यंत चाटला. कडू, मग झणझणीत, मग जिभेचं टोक बधिर.

विहीणबाई उभ्या राहिल्या. "भाऊ, हे काय करताय?"

मी म्हणालो, "जे तिच्या पोटात तेच माझ्या. आता मला कळेल."

लगेच गाडी जुंपली. रस्ता वरवर वाळला होता, पण चाकोऱ्या खोल होत्या. मुलगी पोराला घेऊन गाडीत बसली, विहीणबाईही बसल्या, बायको मागे राहिली. ती वाट मी जन्मभर पाहिलेली, पण त्या दिवशीची वाट मला वेगळीच दिसली. दोन्ही बाजूला तरवड पिवळाधमक फुलला होता, काळे भुंगे फुलाला धरून असे घुमत होते की फूल हलायचं. कपाशीची फुलं, आजची पिवळी, कालची गुलाबी. तिळाच्या पांढऱ्या फुलात मधमाशी मागच्या पायांपर्यंत आत शिरलेली. सगळं आपापल्या कामाला लागलेलं. आणि मी कासरा धरून स्वतःच्या पोटाकडे कान लावून बसलेलो. पोटात जरा कुठे गुडगुडलं की मला वाटायचं, आली. आधी मला येईल की तिला, हाही विचार येत होता. मी मोठा, ती एवढीशी. तिला आधी येईल. मग चाटून उपयोग काय.

मी मागे न पाहता विचारलं, "श्वास चाली ऱ्हायना का?"

मुलगी म्हणाली, "आबा, ती झोपेल शे."

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग मी विचारतच राहिलो आणि ती सांगतच राहिली. शेवटी शेवटी तिचा आवाज बदलला. माझी भीती तिला लागली होती. मग विहीणबाईंनी पोराच्या नाकाशी बोट धरलं आणि पाचोरा येईपर्यंत ते बोट काढलं नाही.

डॉक्टरनं पोराला तपासलं. पोट दाबलं, डोळे पाहिले, टाचेवर टिचकी मारली. पोर जागं होऊन जे रडलं, ते रडणं ऐकून विहीणबाई मटकन बाकावर बसल्या. डॉक्टर म्हणाला आत्ता तरी काही दिसत नाही, पण संध्याकाळपर्यंत इथंच बसा, अंगावर पाजत राहा, उलटी झाली तर लगेच सांगा. मग मला काय होतंय विचारलं. मी सहाणेचं सांगितलं. त्यानं मला सुनावलं, ते मी इथं सांगत नाही. मी जन्मात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, त्याचं ऐकून घेतलं.

आम्ही दवाखान्याच्या ओसरीत बसलो. कुंपणाला कर्दळी होत्या, लाल फुलांच्या, एक इवलासा काळा-निळा पक्षी चोच घालून रस पित होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. ऊन सरकलं. पोर प्यायलं, शी केली, पुन्हा प्यायलं. माझी जीभ ताळ्यावर आली. दुपारनंतर मला भूक लागली आणि तेव्हा मला समजलं की मी मरत नाही. बधिर करणारं ते नुसतं वेखंड होतं.

परत येताना विहीणबाई म्हणाल्या, लेकीला आणि नातीला उद्या धुळ्याला नेते. सव्वा महिना झाला नव्हता. अशी बाळंतीण पाठवत नाहीत. पण मी अडवलं नाही. ज्या घरात ती मुळी कुठंतरी आहे, त्या घरात पोर नको, हे मलाही पटत होतं. फक्त आमची दोघांची कारणं वेगळी होती.

त्या दिवाळीला जावई आले नाहीत. निरोप आला की शाळेचं काम आहे. बायकोनं मोगऱ्याच्या बुडाशी माती चढवली. लाल बटवा आणि कोठीतल्या ताटलीतलं सामान मी गावाबाहेर नेऊन जाळलं आणि धूर कुणीकडे जातो ते पाहत वाऱ्याच्या उलट बाजूला उभा राहिलो. तरी मुळी त्यातच होती याची खात्री कुठे होती? घरात झाडताना काही टणक लागलं की मी केरसुणी थांबवायचो. धुळ्याहून कुणी आलं की आधी पोर कसं आहे विचारायचो, मग राम राम. मुलीचे केस गळतात असा निरोप आला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. बायका म्हणाल्या बाळंतपणानंतर गळतातच. मला गल्लीतली ती बाई आठवत होती.

अक्काकडे जायचं गावानं हळूहळू बंद केलं. मी तिला शब्दानं दुखवलं नव्हतं. पण अक्कानं नानांची मुळी हरवली, हे गावभर झालं होतं, आणि रस्त्यावर खडी पडायला लागली होती, बाया पाचोऱ्याला जाऊ लागल्या होत्या. कधी ती काठी टेकत येऊन आमच्या ओट्यावर बसायची, तंबाखू मळायची आणि उठून जायची.

पुढच्या श्रावणात कानबाईच्या सणाला मुलगी आली. जावई आले, विहीणबाईही आल्या. वर्ष होत आलं होतं, राग थोडा निवला होता. नात चालायला लागली होती, म्हणजे चार पावलं टाकायची आणि बसायची. माझी दाढी धरायची. मी तिला पाहत होतो आणि तिच्या अंगात कुठे काही कमी आहे का ते शोधत होतो.

सकाळी ती परसात गेली. मोरीचं पाणी जिथं जिरतं तिथं आमचं अळू होतं, दाट, माणसाच्या कमरेएवढं. ओल्या मातीवर पाणी प्यायला मधमाश्या बसायच्या, म्हणून मी तिच्या मागे गेलो. ती अळवासमोर उभी होती आणि हात वर करून कशाकडे तरी बोट दाखवत होती. अळवाच्या पानांतून एक मोठं काळं फुलपाखरू वर आलं, लाल ठिपक्यांचं. त्याच्या पंखाला पिवळी पूड होती.

मी खाली पाहिलं. अळवाच्या देठाला धरून, पानाच्या वळलेल्या टोकानं एकेक देठ पकडत, वेल चढला होता. तीन-चार फुलं लोंबत होती. नातीचा हात सगळ्यात खालच्या फुलापासून वीतभर लांब होता.

मी तिला उचललं ते इतक्या जोरात की ती घाबरून रडली. सगळे धावत आले. मी पोर बायकोच्या हातात दिलं आणि अक्काला बोलवायला सांगितलं.

अक्का आली. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. मी तिचा हात धरून पानाच्या टोकावर ठेवला. तिनं ते आकड्यासारखं टोक दोन बोटांत फिरवलं.

"हाईच शे," ती म्हणाली.

मग तिनं मोरीच्या दगडावर हात ठेवला आणि सगळं तिला आठवत गेलं. दोरा तोडल्यावर मुळी तिच्या मांडीवरच्या फडक्यात होती. ते फडकं तिनं मोरीत नेऊन त्याच पाण्यात खळबळलं, ज्या पाण्यात पोराला न्हाऊ घातलं. मुळी त्या पाण्याबरोबर गेली. मी ओट्यावर बसून ते पाणी वाहताना ऐकलं होतं. वर्षभर मी घरात शोधत होतो, आणि ती मातीत निजून होती.

मी बाभळीची खुंटी आणली. आवतन दिलं नाही, त्या वेळी मला त्या वेलाला मान द्यायचा नव्हता. उकरली. जुनी मुळी सुरकुतून पोकळ झाली होती, तिच्या जागी नवी धरत होती, नांगरासारखी. लांब फाटा अख्खा होता. आखूड फाट्याचं टोक मोडलेलं होतं. ओलं होतं, पांढरं, आत्ताच मोडलेलं, का अळवाच्या मुळात आधीच अडकून तुटलेलं, ते सांगता येईना. मी ते टोक शोधलं. अळवाचा गड्डा न गड्डा उपटला, माती चाळणीनं चाळली. बायको अळवासाठी हळहळली. टोक मिळालं नाही, आणि कोंब टोकालाच असतो.

मुळी मी अक्काच्या हातात द्यायला गेलो. तिनं हात मागे घेतला. "आते कोनले लागस, नाना? बठ्ठ्या बाया पाचोराले जातस." मग मीच ती मळ्यात नेऊन पुरली.

जेवताना विहीणबाईंनी मला विचारलं, "सापडली ना तुमची मुळी?"

मी म्हणालो, "सापडली."

त्या वाट पाहत होत्या. सगळी पंगत वाट पाहत होती. जावयाचा हात ताटात थांबला होता.

"तुमच्या बटव्यात नव्हती," मी म्हणालो.

विहीणबाईंनी माझ्या ताटात कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा आणखी एक तुकडा वाढला आणि दुसऱ्याकडे वळल्या. त्या वर्षी दिवाळीला जावई आले.

मोरीपाशी मी पुन्हा काही लावू दिलं नाही. ती जागा उघडी ठेवली. पण आषाढ लागला की मी रोज सकाळी तिथं उकिडवा बसून मातीकडे पाहतो. नात आता धुळ्यात कॉलेजात जाते, ती हसते, म्हणते आबा, इतक्या वर्षांत ते टोक कुजून गेलं असेल. असेल. मातीत काय कुजतं आणि काय नुसतं निजतं, हे मला वरून दिसत नाही. म्हणून मी बसतो.